कुंडलिकेच्या पाण्यावर एक दिवस

सुटीचा एक दिवस हातीं आला कीं तो कसा घालवावा, हा प्रश्न एकत्र कुटुंबांत फार बिकट होऊन बसतो. कोणाला देवदर्शन हवें असतें, कोणाला डोंगर चढावयाचा असतो, तर कोणाला मुळीं घराबाहेर पडावयाचेंच नसतें. आमच्या घरीं आम्ही आठ माणसें. आई, थोरले बंधू म्हणजे दादा, वहिनी, कॉलेजांत जाणारा पुतण्या, सोळा वर्षांची पुतणी, मी, सौ. आणि आमचे अकरा वर्षांचे चिरंजीव. या आठांचें एकमत होण्याचा योग विरळाच. पण गेल्या माघांत पुतण्यानें एक टूम काढली. सकाळीं कोलाडजवळ कुंडलिका नदींत तराफ्यावरून जलप्रवास, दुपारीं ताम्हिणीच्या अरण्यांत भटकंती आणि रात्रीं पुण्यास परत. असा एका दिवसाचा बेत त्यानें कागदावर मांडून दाखविला. वहिनींनीं "पाण्याचें काय सांगावें?" म्हणून नाक मुरडलें. दादांनीं खर्चाचा हिशेब विचारला. शेवटीं एक्याऐंशीं वर्षांची आई म्हणाली, "मी येईन. वाटेत मुळशी लागते ना?" तिच्या या प्रश्नाचा अर्थ त्या वेळीं कोणाच्याच ध्यानांत आला नाहीं. पण आई निघाली म्हटल्यावर मागें राहण्याची सोय कोणालाच उरली नाहीं.

पहांटेची वाट

पहांटे साडेचार वाजतां आम्ही घर सोडलें. पिरंगुट, पौड मागें टाकून मुळशीच्या तलावाच्या कडेनें जाऊं लागलों तेव्हां अजून काळोख होता. बाजूला कांहींतरी विस्तीर्ण, थंड आणि निःशब्द पसरलें आहे एवढेंच जाणवत होतें. मुलें झोंपलीं होतीं. आई मात्र कांच खालीं करून त्या काळोखाकडे एकटक पाहत होती. थंडी बाधेल म्हणून सौ.नें कांच वर करावयास सांगितलें, तर ती "असूं दे थोडी" एवढेंच म्हणाली.

ताम्हिणीचा घाट उतरतांना उजाडलें. पुण्याच्या बाजूची कोरडी हवा घाटमाथ्यावर संपते आणि खालीं कोंकणाचा ओलसर, मऊ वारा अंगाला लागतो. घाटांत पांगारा लालभडक फुलला होता. पानें झडून गेलेल्या काटेसावरीवर पक्ष्यांची शाळा भरली होती. विळें गांव ओलांडून आठाच्या सुमारास आम्ही साजें येथें नदीकांठीं पोहोंचलों.

आणि पाहतों तों काय, नदी जागेवर नव्हती!

नदी येते तेव्हां

म्हणजे पात्र होतें, दोन्ही कांठांवर गर्द झाडी होती. पण पाण्याची एक बारीक धार काळ्या गोट्यांतून वाट काढीत होती. एवढ्या पाण्यांत कागदाची होडीसुद्धां अडावी. दादांनीं खिशांतून पावती काढून ती पुन्हां एकवार वाचली. तेव्हां आमचा वाटाड्या, तेथलाच एक बाविशीतला तरुण, हंसून म्हणाला, "काका, घाई नको. पाणी निघालंय. वीज करून येतंय."

हें "वीज करून येणें" काय आहे तें वाचकांस सांगितलें पाहिजे, कारण या सबंध सहलीचें मर्म त्यांत आहे. कुंडलिका ही सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर उगम पावून कोलाड, रोहें या गांवांवरून रेवदंड्याजवळ समुद्राला मिळणारी नदी. कोंकणांतल्या इतर नद्यांप्रमाणें तीही पावसाळा संपला कीं आटावयाची. पण तिला बारा महिने पाणी मिळतें, तें डोंगरापलीकडून. घाटमाथ्यावर मुळशी येथें मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटांच्या वीज कंपनीनें धरण बांधलें. तेथील पाणी डोंगराच्या पोटांतून आणून प्रचंड लोखंडी नळांवाटे सुमारे पांचशें मीटर खालीं भिरा येथें सोडलें जातें. त्या पडणाऱ्या पाण्याच्या जोरावर चक्रें फिरतात आणि वीज उत्पन्न होते. खोपोलीचें वीजघर १९१५ सालीं, भिवपुरीचें १९२२ सालीं आणि भिऱ्याचें १९२७ सालीं सुरू झालें. मुंबईच्या गिरण्या आणि आगगाड्या या सह्याद्रीच्या पाण्यावर चालूं लागल्या. वीज देऊन मोकळें झालेलें पाणी मग कुंडलिकेच्या पात्रांत येतें. तें साधारणपणें सकाळीं सोडतात, आणि त्याच्या वेळेवर येथील तराफे चालतात.

भूगोलाच्या दृष्टीनें पाहिलें तर ही एक नवलाचीच गोष्ट आहे. मुळेचें पाणी स्वभावतः पूर्ववाहिनी. तें पुण्यावरून भीमेंत, भीमेंतून कृष्णेंत आणि कृष्णेंतून बंगालच्या उपसागराला जावयाचें. माणसानें त्याला डोंगर ओलांडावयास लावून अरबी समुद्राकडे वळविलें. आम्हां पुणेकरांच्या अंगणांतून जावयाचें पाणी आमच्या पाठीमागून कोंकणांत उतरलें आहे, आणि त्यावर तरंगण्यासाठीं आम्ही घाट उतरून आलों होतों.

बोलतां बोलतां पात्रांतले गोटे एकेक करून दिसेनासे होऊं लागले. आवाज आधीं आला, दूरच्या गाडीसारखा. मग फेंस आला, आणि पंधरावीस मिनिटांत आमच्या देखत एक भरलेली नदी समोरून वाहूं लागली. चिरंजीव तर टाळ्या पिटून नाचूंच लागले. पण लगेच त्यांच्या आनंदावर विरजण पडलें. चौदा वर्षांखालील मुलांस तराफ्यावर घेत नाहींत. रागारागानें ते आजीजवळ जाऊन बसले. आजीनें त्यांना गुळपोळीचा तुकडा दिला आणि म्हटलें, "आपण दोघें गाडींतून पुढच्या कांठावर जाऊं. ते भिजून येतील, आपण कोरडीं राहूं. शहाणें कोण?"

तराफ्यावर

हा तराफा म्हणजे हवेनें फुगविलेली जाड रबराची होडी. तिला सुकाणूं नाहीं, शीड नाहीं, यंत्र नाहीं. कडेच्या फुगीर नळीवर दोहों बाजूंनीं बसावयाचें, एक पाय आंतल्या पट्ट्याखालीं अडकवावयाचा आणि हातांत वल्हें धरावयाचें. मागें वाटाड्या बसतो; त्याच्या आज्ञा चारच, पुढें वल्हवा, मागें वल्हवा, थांबा आणि खालीं बसा. डोक्याला शिरस्त्राण, अंगांत तरंगतें जाकीट. जाकिटाचे पट्टे त्या तरुणानें प्रत्येकाचे स्वतः ओढून पाहिले. वहिनींनीं साडीऐवजीं पुतणीचा पोशाख घातला होता. तिकडे कोणी पाहूं नये अशी त्यांची इच्छा, आणि कोणी पाहिलेंही नाहीं. कारण प्रत्येकजण आपल्याच भीतींत गढला होता.

निघण्यापूर्वीं त्यानें एक धडा दिला तो लक्षांत ठेवण्याजोगा आहे. पाण्यांत पडलांत तर उभें राहण्याचा प्रयत्न करूं नका. वाहत्या पाण्यांत पाय दगडांच्या सांपटींत अडकला कीं पाण्याचा लोंढा माणसाला पुढें लोटतो आणि पाय मागें राहतो. त्यांतच प्राण जातात. पाठीवर पडा, पाय वर उचलून प्रवाहाच्या दिशेस करा, आणि वाहत जा. जाकीट तुम्हांला तारील. तुम्ही त्याच्याशीं झुंजूं नका.

नदीच्या अशा उतारांना आम्ही खळाळ म्हणूं. जगभर त्यांच्या सहा प्रती मानल्या आहेत. पहिली म्हणजे नुसती हालचाल, आणि सहावी म्हणजे जवळजवळ मृत्यूचें आमंत्रण. कुंडलिकेचे खळाळ दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीचे. म्हणजे नवशिक्याची भीड मोडावी, पण खोड मोडूं नये इतपत. प्रवास सुमारे बारा किलोमीटरांचा आणि दोन-अडीच तासांचा.

पहिल्या खळाळांत आमच्या एकत्र कुटुंबाची खरी परीक्षा झाली. वाटाड्या ओरडला, "पुढें!" दादांनीं जोरानें वल्हवलें, मीं अर्धवट, सौ.नें उलटें, आणि वहिनींनीं वल्हें सोडून देवाचें नांव घेतलें. परिणामीं तराफा गरकन् फिरून पाठमोरा खालीं गेला. "काका," वाटाड्या शांतपणें म्हणाला, "सगळ्यांनीं थोडं थोडं मारलं तरी चालतं. पण एकदम." घरांत तीस वर्षें जें कोणाला पटलें नव्हतें तें पाण्यानें दोन मिनिटांत पटविलें. दुसऱ्या खळाळांत सहा वल्हीं एका वेळीं पडलीं, तराफा बाणासारखा सरळ निघाला, आणि फेंसाची लाट आमच्या डोक्यावरून गेली तेव्हां सर्वांत मोठ्यानें हंसल्या त्या वहिनी.

माझी फजिती पुढें व्हावयाची होती. तिसऱ्या कीं चौथ्या खळाळांत पट्ट्याखालून माझा पाय निसटला, आणि आकाश व पाणी यांची अदलाबदल झाली. नाकातोंडांत पाणी गेलें. शिकविलेला धडा क्षणभर पार विसरलों आणि पाय खालीं टेंकवूं पाहिले. तों बोटांना एक गुळगुळीत, थंड दगड लागून निसटला. त्या स्पर्शानें जी भीति वाटली ती आठवली कीं अजून अंगावर कांटा येतो. मग कसाबसा पाठीवर झालों, पाय वर घेतले, आणि जाकिटानें मला खरोखरच उचललें. एवढ्यांत तराफा शेजारीं आला. कोणीतरी माझे खांद्यावरचे पट्टे दोन्ही हातांनीं धरले, गुडघे कडेला टेंकून अंग मागें टाकलें आणि मला माशासारखें आंत ओढलें. डोळे उघडले तों समोर पुतणी. जिला मी लहानपणीं टिळक तलावावर पोहावयास शिकविलें, तिनेंच मला पाण्याबाहेर काढलें होतें. "काका, पाय खालीं टेंकवायचे नव्हते," ती म्हणाली. मीं मान खालीं घातली.

खळाळांच्या मधलें पाणी मात्र फार निवांत. तेथें वल्हीं मांडीवर घेऊन नुसतें वाहत जावें. दोन्ही कांठांवर करंज आणि वाळुंज पाण्यावर वांकलेले. एका खडकावर पाणकावळा पंख पसरून उन्हांत वाळवीत बसला होता. निळा खंड्या सुईसारखा पाण्यांत शिरून मासा घेऊन वर आला. थंडीचे पाहुणे असलेले धोबी पक्षी ओल्या दगडांवर शेपट्या नाचवीत होते. कामतजवळ आम्ही कांठाला लागलों तेव्हां आई आणि चिरंजीव झाडाखालीं बसून आमचीच वाट पाहत होतीं. आईनें माझ्या केसांतलें पाणी पदरानें पुसलें. पन्नाशीच्या घरांत आलेल्या मुलाला याहून अधिक काय हवें?

अरण्यांत

तांदळाची भाकरी, पिठलें आणि सोलकढी असें जेवण करून आम्ही परतीचा घाट चढूं लागलों. ताम्हिणीचा परिसर २०१३ सालीं अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्याचा विस्तार सुमारे ५० चौरस किलोमीटर आहे. पावसाळ्यांत येथें इतका पाऊस कोसळतो कीं महाराष्ट्रांतल्या अतिवृष्टीच्या ठिकाणांत ताम्हिणीचें नांव नेहमीं येतें. त्या पावसावर पोसलेलें हें रान माघांतही हिरवें असतें. ऐन, हिरडा, जांभूळ, आंबा आणि अंजनी यांच्या दाट छायेंत भरदुपारीं संध्याकाळ वाटते. गारंबीचे वेल अजगरासारखे झाडांना विळखे घालून वर गेलेले. त्यांच्या शेंगा हाताहून लांब असतात. चिरंजिवांचा सकाळचा रुसवा ती एक शेंग पाहतांच पळाला.

बरोबर गांवचा एक वयस्क वाटाड्या होता. त्यानें प्रथम सर्वांचे मोबाईल बंद करवले आणि मग बोलणें बंद करवलें. दुसरी गोष्ट आमच्या मंडळींना अधिक जड गेली. पण बोलणें थांबल्यावर रान बोलूं लागलें. दूर दरींतून भेकराचें भुंकणें ऐकूं आलें. हरिणाच्या जातीचा प्राणी कुत्र्यासारखा भुंकतो हें मुलांना खरेंच वाटेना. वाटेवरच्या मऊ मातींत बिबळ्याच्या पंजाचा ठसा दिसला. "रात्रींचा आहे," वाटाड्या म्हणाला, आणि वहिनी नकळत दादांच्या जवळ सरकल्या.

मग एका आंब्याच्या शेंड्याला त्यानें बोट केलें. तेथें काटक्यापानांचा मोठा गोळा होता; शेकरूचें घरटें. शेकरू ही आपल्या राज्याची मानचिन्ह असलेली मोठी खार. एक शेकरू अशीं अनेक घरटीं बांधतें आणि त्यांतून आलटून पालटून राहतें. आम्ही दहा मिनिटें दगडासारखे उभे राहिलों. शेवटीं पानें हाललीं. तपकिरी-तांबूस पाठ, फिकट पोट आणि अंगाएवढी झुबकेदार शेपटी असलेलें तें जनावर फांदीच्या टोंकावर आलें, आमच्याकडे पाहून चक्चक् असा रागाचा आवाज केला आणि एका झेपेंत पलीकडच्या झाडावर गेलें. पांचसहा मीटरांची झेंप त्याला सहज साधते. मात्र झाडाला झाड लागून असलें तरच! मधें मोकळें मैदान पडलें कीं त्याचा रस्ता खुंटतो, कारण जमिनीवर तें क्वचितच उतरतें. वाटाड्या म्हणाला, "एक झाड तोडलं तर आपल्याला एक झाड कमी. त्याला एक रस्ता कमी."

मुळशीच्या कांठीं

परततांना मुळशीच्या तलावापाशीं सूर्य मावळतीला आला होता. सकाळीं काळोखांत राहिलेलें तें विस्तीर्ण पाणी आतां सोन्यासारखें चमकत होतें. आईनें गाडी थांबवावयास सांगितली आणि कांठावरच्या दगडावर बसून म्हणाली, "येथें कोठेंतरी आमचीं खाचरें होतीं."

आम्ही सारे चकित झालों. आईचे आजोबा पुण्याचे सावकार. मुळशी पेट्यांतल्या जमिनी त्यांच्या नांवावर, आणि त्या कसणारीं कुळें मावळ्यांचीं. धरणाचा बेत निघाला तेव्हां पन्नासाच्या आसपास गांवांवर गदा आली. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, सत्याग्रहास आरंभ झाला. पांडुरंग महादेव बापट त्याचे धुरीण. या लढ्यानेंच त्यांना 'सेनापति' केलें, आणि त्यांनीं त्यापायीं पुनःपुन्हां तुरुंग भोगला. एवढें आपणां सर्वांना शाळेपासून ठाऊक असतें. पण या लढ्यांत एक दुसरी बाजू होती आणि तिच्याविषयीं आपल्या घरांतून फारसें बोललें जात नाहीं. प्रा. राजेंद्र व्होरा यांनीं या सत्याग्रहाचा इतिहास लिहितांना ती स्पष्ट मांडली आहे. मावळ्यांना जमीन हवी होती. पुण्याच्या सावकारांपैकीं पुष्कळांचा कल मोबदल्याकडे होता. ज्याच्या नांवावर जमीन त्याला पैसे मिळाले. ज्याच्या घामावर ती पिकत होती त्याला स्थलांतर मिळालें.

"आजोबांनीं मोबदला घेतला," आई सांगूं लागली. "त्या पैशावर माझे वडील कॉलेजांत गेले. ते शिकले म्हणून आम्ही शिकलों. आजी सांगत असे, दरसाल संक्रांतीच्या सुमारास एक म्हातारा मावळा आंबेमोहोराची पायली घेऊन वाड्यावर यावयाचा. जमीन गेल्यावरही एकदां आला. पायली ओटीवर ठेवली आणि म्हणाला, 'बाई, हें शेवटचें.' आजीनें विचारलें, आतां कोठें राहतोस? तो कांहीं बोलला नाहीं. पायली रिकामी करून घेऊन गेला. आजीला त्याचें नांव ठाऊक होतें. तिनें मला सांगितलेंही होतें. पण मी विसरलें."

बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग चिरंजिवांनीं विचारलें, "आजी, सकाळीं बाबा पडले तें पाणी त्याच्या शेतावरचं का ग?"

"हो," आई म्हणाली.

दिवसभरांत मीं नदीविषयीं, विजेविषयीं आणि खळाळांच्या प्रतींविषयीं मुलांना पुष्कळ सांगितलें होतें. पण खरा प्रश्न अकरा वर्षांच्या मुलानें विचारला, आणि त्याचें खरें उत्तर एका शब्दांत झालें. विजेनें मुंबई उजळली हें खोटें नाहीं. कुंडलिकेच्या कांठच्या तरुणांना तराफ्यांमुळें उद्योग मिळाला हेंही खोटें नाहीं. त्या पाण्याचा आनंद घेऊं नये असें मी म्हणणार नाहीं. आम्हीं तो पोटभर घेतला. मात्र आपल्या पदव्यांच्या मुळाशीं कोणाची खाचरें आहेत, हें त्या आनंदाबरोबरच मुलांना कळलें पाहिजे. मोबदला एकदां घेतां येतो. देणें तेवढ्यानें फिटत नाहीं.

जाणाऱ्यांसाठीं दोन शब्द

ही सहल पुण्याहून एका दिवसांत सहज होते. मुंबईकरांस कोलाड मुंबई-गोवें रस्त्यावरच पडतें. तराफ्याची जागा आधीं राखून ठेवावी आणि पाणी सुटण्याची वेळ त्याच दिवशीं पुन्हां विचारून घ्यावी. हृदयविकार, अपस्मार किंवा पाठीचें दुखणें असलेल्यांनीं व गर्भवतींनीं कांठावरच थांबावें. चष्म्याला दोरी बांधावी. माझा चष्मा कुंडलिकेला अर्पण झाला आहे. कोरडें पात्र पाहून मुलांना गोट्यांत खेळावयास मुळींच सोडूं नये. पाणी कसें चढतें तें वर सांगितलेंच आहे. अरण्यांत परवानगी काढून व स्थानिक वाटाड्या घेऊनच जावें, भडक कपडे आणि गोंगाट टाळावा, आणि नेलेला कचरा परत आणावा.

शेवटची सूचना परतीच्या वाटेविषयीं. मुळशीचा तलाव अंधार पडण्यापूर्वीं गाठावा आणि तेथें दहा मिनिटें थांबावें. घरांत कोणी वृद्ध माणूस असेल तर त्याला बरोबर न्यावें, आणि त्याच्या घराण्याचे या खोऱ्याशीं कांहीं लागेबांधे होते काय तें विचारावें. एखादें नांव अजून त्याच्या आठवणींत असेल, तर तें तेव्हांच लिहून घ्यावें.